बत्तीस मिनिटं

आमच्या नातीची दुपारची झोप बत्तीस मिनिटांची आहे. हे मी अंदाजपंचे सांगत नाही. ज्यानं चौतीस वर्षं बँकेत खातेवह्या जुळवल्या, तो माणूस अंदाजपंचे बोलत नसतो. लेक बाळंतपणाला माहेरी आली, जावई नोकरीपायी बंगळूरला अडकलेले, त्यामुळे मुक्काम सहा महिन्यांचा ठरला. आणि दुपारी बाळाच्या उशाशी बसण्याचं काम, घरातलं दुसरं कुठलंच काम धड न जमणारा म्हणून, माझ्याकडे आलं. मी त्याच दिवशी एक वही घातली. तारीख, झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ, एकूण मिनिटं आणि शेवटचा रकाना ‘जागे होण्याचे कारण’. ११२ नोंदींची सरासरी ३२ मिनिटं येते. नीचांक १९ चा आहे. त्या दिवशी कारणाच्या रकान्यात ‘कुकर’ असं लिहिलेलं आहे.

बत्तीस मिनिटं ऐकायला बरी वाटतात, पण जरा फोड करून पाहा. पहिली पाच मिनिटं ‘झोपली का?’ ‘श्शू!’ ह्यात जातात. पुढची तीन मिनिटं खोलीतून बाहेर पडण्यात, कारण आमच्या दाराची बिजागरी करकरते. उरलेल्या चोवीस मिनिटांत लेकीनं जेवायचं, आंघोळ करायची, ऑफिसचे फोन करायचे आणि शिवाय झोपायचं. ती ह्यांपैकी कुठलीही एकच गोष्ट करू शकते. एकदा तिनं दोन करून पाहिल्या. वरणभाताचा घास हातात, तो हात ताटात, आणि मान भिंतीला टेकलेली, अशी ती बसल्या बसल्या झोपून गेली. मी ताट बाजूला घेतलं तरी तिला कळलं नाही. लहानपणी हिला झोपवायला आम्हांला कोण यातायात करावी लागे! त्या दिवशी तिला झोपलेली पाहून मला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेव्हापासून घरात कर्फ्यू लागू झाला. बेलच्या वाटीत कापूस कोंबला. आमच्या हिनं कुकर बंद करून पातेल्यात डाळ शिजवायला घेतली. त्यामुळे गॅस दुप्पट आणि डाळ अर्धवट असा कारभार चालू आहे. मला शिंकायची बंदी आहे. ती आली तर गॅलरीत जाऊन, दार लावून, उशीत शिंकायची. पण घरातली तोंडं बंद करता आली तरी कांदिवलीचं तोंड कोण बंद करणार? डाव्या हाताला एका इमारतीचा पुनर्विकास चालू, उजव्या हाताला दुसरीचा, आणि मध्ये आम्ही. अकराला ‘भंगारवाऽऽले’, साडेअकराला कुरियर, आणि बरोबर बाराच्या सुमारास चारकोपहून येणारी मासेवाली. तिच्या ‘पापलेऽऽट’मधल्या त्या ‘ऽऽ’ला तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीची काच थरथरते. ह्या एका बाईच्या नावावर वहीत चौदा नोंदी आहेत. तिला सांगायला मी खाली गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘काका, माझी चार पोरं ह्या आवाजातच झोपली.’’ वर मला बोंबील घ्यावे लागले.

आणि हेच तर दुखणं आहे. ज्याला विचारावं त्याची पोरं झोपलेलीच! विहीणबाईंचा फोन येतो, ‘‘आमचा हा तर तीन तास हूं की चूं करत नसे हो!’’ तळमजल्यावरच्या आजींचे पाचही मुलगे न्हाऊन पाळण्यात घातले की चारच्या चहाला उठत. खुद्द आमच्या घराण्यात तर माझ्या आत्याची दंतकथाच आहे. आजी अभिमानानं सांगायची, ‘‘माझी पोर सकाळी निजली की दिवस कलल्यावर डोळे उघडायची. कध्धी म्हणून त्रास नाही दिला.’’ असं सगळं असताना आमच्याच वाट्याला हे बत्तीस मिनिटांचं रत्न का यावं? पूर्वीची मुलं खरंच इतकी झोपत होती का, आणि झोपत होती तर कशानं, हे एकदा मुळापासून पाहावं, असं मी ठरवलं. निवृत्त माणसाला काहीतरी मुळापासून पाहायची हौस असतेच. मुळाशी पोचायला वेळही असतो.

मुळापासून म्हणजे किती मुळापासून? तर कांदिवलीचा इतिहास अश्मयुगापासून सुरू होतो, हे मला ह्या निमित्तानं कळलं. टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्यानं इथं अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं शोधून काढली आणि १९३९ साली त्यांवर इंग्रजीत मोठा लेख लिहिला. आमची वसाहत जुनी आहे हे सोसायटीच्या प्लंबरमुळे ठाऊक होतं, पण इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं. आता ज्या अर्थी हत्यारं होती त्या अर्थी माणसं होती, माणसं होती त्या अर्थी तान्ही मुलं होती, आणि शेजारच्या गुहेत दगडावर दगड आपटून कुऱ्हाडी घडवणारा एखादा अश्मयुगीन कंत्राटदारही असणारच. त्या मुलांच्या झोपेची नोंद अर्थातच मिळत नाही. पुढं ह्याच कांदिवलीच्या पडण टेकडीचे दगड फोडून मुंबईच्या समुद्रात भराव घातले, आणि त्या दगडांच्या नि माणसांच्या ये-जा करण्यापायी १९०७ साली इथं रेल्वे स्टेशन झालं. तात्पर्य, ह्या गावात दुपारी शांतता कधी नव्हतीच. १९६८ साली आम्ही परळहून डहाणूकरवाडीत राहायला आलो तेव्हा मधली काही वर्षं होती तेवढीच. तेव्हा इथं शेतं होती, आणि रात्री बेडकांच्या आवाजानं वडिलांना झोप यायची नाही. परळच्या गिरणीच्या भोंग्यात त्यांना ती यायची.

गुहेतून निघालो तो सुश्रुताकडे आलो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तान्ह्या बाळाला कसं वागवावं ह्याचं वर्णन आहे. त्याला अंगाला सुख होईल असं उचलावं, त्याच्यावर ओरडू नये आणि झोपलेलं असताना एकाएकी जागं करू नये, ते दचकतं. हे वाचून मी खुर्चीवरून उठलोच. म्हणजे बघा, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी एका शस्त्रवैद्याला हे लिहून ठेवावंसं वाटलं, त्या अर्थी झोपलेल्या बाळाला उठवणारे लोक तेव्हाही होते! ‘बघू बघू, कुणासारखी दिसते’ म्हणत दुपटं ओढणारी एक मावशी प्रत्येक युगात असलीच पाहिजे. चरकानं तर बाळाच्या खोलीपासून खेळण्यांपर्यंत सगळं सांगितलंय: खेळणी रंगीत असावीत, वाजणारी असावीत, जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत, भीती वाटेल अशी नसावीत. मात्र बाळ किती मिनिटं झोपावं ह्याचं कोष्टक मला दोघांतही सापडलं नाही. त्यांनी बहुधा मोजलं नसावं. शहाणी माणसं.

आपल्या आज्या-पणज्यांकडेही घड्याळ नव्हतं, पण दोन हुकमी साधनं होती. एक पाळण्याची दोरी. ती पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि हातांनी तांदूळ निवडायचे. हालचाल थांबली की मूल उठतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून हात थांबले तरी अंगठा थांबत नसे. शेतावर हेच काम झाडाला बांधलेली झोळी करी. दुसरं साधन म्हणजे जातं. पहाटे मांडीवर किंवा शेजारी पोर घेऊन बाई दळायला बसे. घरघर एका लयीत चालू, तिच्यावर ओवी, आणि बाईच्या अंगाचं ते मागे-पुढे होणं. त्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतेवां ह्यांनी गावोगाव हिंडून लाखाच्या घरात ओव्या उतरवून घेतल्या. त्या गोड आहेत यात शंका नाही. पण पोराला झोप लागे ती काव्यगुणांमुळे की दगडाच्या घरघरीमुळे, असा एक अरसिक प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर चक्क लंडनला मिळालं. १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी ४० नवजात बाळं घेतली. २० जणांना नुसता एकसुरी घरघराट ऐकवला, २० जणांना काही नाही. घरघराटातली १६ बाळं पाच मिनिटांच्या आत झोपली. शांततेतली फक्त पाच.

हे मी लेकीला सांगितलं तर तिनं मोबाइल दाखवला. त्यात तो घरघराट मिळतो म्हणे. पावसाचा, पंख्याचा, विमानाचा, मिक्सरचासुद्धा. जातं तेवढं नव्हतं. आम्ही पंख्याचा लावला आणि वर खरा पंखाही लावला. मासेवालीची धार त्यानं थोडी बोथट झाली हे कबूल केलं पाहिजे. सरासरी बत्तीसवरून तेहतीसवर गेली. एका मिनिटानं का होईना, पण शास्त्र खरं ठरलं.

साहेबाच्या देशात मात्र ह्याच सुमाराला उलटं वारं वाहू लागलं होतं. न्यूयॉर्कच्या हॉल्ट नावाच्या नामांकित बालवैद्यानं १८९४ साली प्रश्नोत्तरांचं एक पुस्तक लिहिलं आणि पाळणा हलवणं ही निव्वळ वाईट सवय आहे असा निकाल दिला. पुस्तक इतकं खपलं की अमेरिकेतल्या घराघरांतून पाळणे माळ्यावर गेले. त्याच्या मागोमाग न्यूझीलंडचे ट्रुबी किंग. हे वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख. आधी त्यांनी गाईच्या वासरांना दूध कसं पाजावं ह्याचे प्रयोग केले, मग माणसांच्या वासरांकडे वळले. दर चार तासांनी दूध, रात्री मुळीच नाही, भरपूर मोकळी हवा, उगाच उचलून घेणं बंद. त्यांची संस्था निघाली १९०७ साली, म्हणजे आमच्या कांदिवली स्टेशनच्या जोडीनं. फरक इतकाच की तिथं मुलं वेळापत्रकानं चालवायची होती आणि इथं गाड्या. दोन्ही ठिकाणी कितपत साधलं हे चर्चगेटच्या गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. १९२८ साली वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तर मुलांचे मुके घेऊ नका, सकाळी उठल्यावर हस्तांदोलन करा, असं लिहिलं. आमच्या नातीशी मी एकदा हस्तांदोलन करून पाहिलं. तिनं माझी करंगळी तोंडात घातली.

आमच्या घरातही ह्याच काळात गुटीवरून एक लहानसं युद्ध झालं. आमच्या हिनं माळ्यावरून सहाण काढली. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक असा सरंजाम मांडला, आणि जायफळाचे दोन वेढे जास्तच दिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीसुद्धा नाही. ‘‘आमची मुलं काय मेली का गुटीनं?’’ असं आमची ही म्हणाली, आणि मग स्वतःच गप्प झाली. असले शब्द तान्ह्या मुलाच्या घरात बोलत नाहीत. सहाण माळ्यावर गेली. पण जायफळाचे ते दोन वेढे माझ्या डोक्यात राहिले. झोपेसाठी काहीतरी चाटवायचं, ही कल्पना आली कुठून?

शोधायला गेलो आणि फार लांब जावं लागलं नाही. विलायतेत कारखाने उभे राहिले, बायका कामावर जाऊ लागल्या, आणि मागं राहिलेल्या तान्ह्यांसाठी ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं गोड औषध खपू लागलं. त्यात अफू होती. अमेरिकेत एका ‘मिसेस विन्स्लो’च्या नावानं सरबत निघालं, त्यात मॉर्फिन. ही मुलं गुणी होती, शांत होती, तासन्‌तास झोपत होती. काही उठलीच नाहीत. अमेरिकेत १९०६ साली औषधांचा कायदा झाला तेव्हा बाटलीत काय आहे हे निदान बाटलीवर छापणं भाग पडलं. आपल्या परिचयाचं ग्राइप वॉटर १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं काढलं. त्यात अफू नव्हती, पण मूळच्या कृतीत अल्कोहोल होतं. विलायतेत ते १९९०च्या दशकात काढून टाकलं. म्हणजे आमच्या पिढीतल्या पुष्कळ सज्जनांनी आयुष्यात एकदाही घेतली नाही असं जे ते शपथेवर सांगतात, ते तितकंसं खरं नाही.

इथपर्यंत मी मजेत होतो. मग परळला आलो.

१९२१-२२च्या सुमारास मुंबई सरकारनं गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला डॉ. बार्न्स नावाच्या एका लेडी डॉक्टर नेमल्या होत्या. त्या चाळींतून हिंडल्या, आणि १९२२ साली सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यात एक आकडा आहे. आकड्यांशी माझं जन्माचं नातं, पण असा आकडा मी पाहिला नव्हता. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. आठनव्वद नव्हे, अठ्ठ्याण्णव! अफू चोरीछुपे मिळत नव्हती. सरकारचा परवाना असलेल्या दुकानात उघड मिळत होती, आणि सरकारच्या तिजोरीत तिचा महसूल जमा होत होता. तिच्या बारीक बारीक गोळ्यांना ‘बाळागोळी’ असं लडिवाळ नाव होतं. सकाळी कामावर जाताना एक गोळी, की मूल आईची पाळी संपेपर्यंत निजून राही. १९३१च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही हीच रड आहे. आणि त्या काळातल्या मुंबईच्या बालमृत्यूंचे आकडे काढून पाहिले तर १९२१ साली ते हजारी सहाशेच्या वर होते. जाणकार सांगतात की हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण बायका बाळंतपणाला कोकणात जात. जन्माची नोंद तिकडं होई किंवा होतच नसे, आणि मरणाची नोंद मात्र मुंबईत. फुगलेला असेल. फोडून अर्धा केला तरी तो माझ्या वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. आत्याचा जन्म १९२३चा.

‘सकाळी निजली की दिवस कलल्यावर डोळे उघडायची.’

आजी वाईट बाई नव्हती. उलट आमच्या घरात तिच्याइतकं माऊ काळीज दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दहा बाय दहाची खोली, आजोबा दुसऱ्या पाळीत, गावाहून सासू आलेली नाही, आणि खाडा झाला की पगार कापलेला. तिनं काय करायला हवं होतं, हे मी कांदिवलीत पंख्याखाली बसून तिला सांगू शकत नाही. चाळीतल्या दहाजणींतल्या दहाहीजणी जे करत होत्या ते तिनं केलं असणार. आत्या जगली, चांगली एक्क्याऐंशी वर्षं जगली. आणि मोठेपणी तिला झोपेचं इतकं वावडं की पहाटे साडेतीनला उठून ती सगळ्या बिऱ्हाडाचं पाणी भरून ठेवायची. पण आत्याच्या आधी एक काका होता. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. ‘तो राहिला नाही’ एवढंच. आणि आजीची एक सवय आम्हा मुलांना फार गमतीची वाटे: घरात कुणाचंही तान्हं जरा जास्त वेळ निजलं की ती हातातलं काम टाकून उठे आणि आपली उपडी बोटं त्याच्या नाकाशी धरी. आम्ही तिची नक्कल करायचो.

सुदैवानं त्याच काळात दुसरी माणसंही जागी होती. ना. म. जोशी ह्यांनी १९२४ साली दिल्लीच्या असेंब्लीत बाळंतपणाच्या रजेसाठी विधेयक आणलं. ते पडलं. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात तसंच विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं, आणि १९२९ साली देशातला असा पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला. काही आठवड्यांचे पैसे त्यात मिळाले. १९४८च्या फॅक्टरी कायद्यानं पन्नासावर बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. १९६१ साली रजा बारा आठवड्यांची झाली, आणि २०१७ साली सव्वीस. माझी लेक ह्या सव्वीस आठवड्यांतला विसावा आठवडा भिंतीला मान टेकून काढते आहे. तेव्हा तिला मी हा इतिहास अजून सांगितलेला नाही. तिच्याकडे ऐकायला चोवीसच मिनिटं असतात.

आता बत्तीस मिनिटांचं कोडं. तेही शेवटी सुटलं. शिकागोच्या विद्यापीठात ॲसरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता. घरची ओढाताण, गुरुजींनी दिलेला विषय झोपेचा. त्यानं प्रयोगासाठी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला धरलं, डोक्याला तारा लावून यंत्रापुढं झोपवलं आणि रात्रभर बसून राहिला. (पोराला झोपवायला सगळ्यांत जास्त खटपट करणारा बाप म्हणून ह्याचं नाव राहायला हरकत नाही.) त्यातून १९५३ साली झोपेत डोळे भराभर हलतात तो टप्पा जगापुढं आला. १९५५ साली त्यानं आणि त्याचे गुरू क्लाइटमन ह्यांनी तान्ह्या बाळांची झोप पाहिली. तिचं एक आवर्तन पन्नास ते साठ मिनिटांचं निघालं. मोठ्या माणसाचं साधारण नव्वद. आवर्तनाच्या मध्ये एक टप्पा बदलतो, आणि बदलताना झोप कागदासारखी पातळ होते. आपलीही होते, पण आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी त्याची आठवणही राहत नाही. बाळाला अजून कूस बदलायची विद्या आलेली नसते. अर्ध्या तासाशी त्याची झोप पातळ होते, ते डोळे उघडतं, आणि पाहतं तर काय, आईच्या कुशीत झोपलेलो आपण भलत्याच गादीवर! कुणीही ओरडेल. मी लोकलमध्ये झोपून विरारला जागा झालो होतो तेव्हा मीही ओरडलो होतो.

म्हणजे आमच्या नातीत काही बिघाड नव्हता. मासेवालीही निर्दोष होती. चौदाच्या चौदा नोंदी मी खोडल्या.

डॉक्टरीणबाईंना माझी वही दाखवली तर त्या आधी हसल्या, मग त्यांनी ती मन लावून वाचली. म्हणाल्या, ‘‘काका, पाच-सहा महिन्यांची होईल तशी ही आपली आपण दोन झोपा जोडायला शिकेल. तोपर्यंत तिला फार थकू देऊ नका. उठल्यापासून दीड-दोन तासांत परत निजवा. खोलीत अंधार करा. पाठीवरच निजवा, आणि ती मोहरीची उशी काढा बरं का. आणि कुरकुर केली की लगेच धावत जाऊन उचलू नका, दोन मिनिटं थांबा. पुष्कळदा ती उठलेलीच नसते, तुम्हीच तिला उठवता.’’ सुश्रुतानं हेच सांगितलं होतं, पण त्याची फी नव्हती.

शिवाय लेकीनं मोबाइलवर एक जपानी युक्ती वाचली. तिथल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटं चालायचं, न थांबता. ते झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं आणि मगच ठेवायचं. आमचा पॅसेज सोळा पावलांचा आहे. मी रोज दुपारी सव्वाअकराला त्यात फेऱ्या घालू लागलो. कडेवर नात, मोबाइलमध्ये पंखा, डोक्यावर पंखा. सातव्या-आठव्या फेरीला तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड होई. मग खुर्चीत बसून आठ मिनिटं. त्यातली दोन-तीन मिनिटं मीही झोपत असे. वहीच्या दृष्टीनं हे आक्षेपार्ह होतं, पण ऑडिट मीच करणार होतो. सरासरी छत्तीस झाली, मग अडतीस.

परवा तिला पाच महिने पुरे झाले. नेहमीप्रमाणे अकरा चाळीसला ठेवली. बत्तिसाव्या मिनिटाला कुरकुरली. मी दारात उभा राहून घड्याळाकडे बघत दोन मिनिटं काढली. बँकेत कधी काढली नाहीत इतकी लांब. ती गप्प झाली. चाळीस झाली. पन्नास झाली. खाली मासेवाली आली, तिचा ‘ऽऽ’ झाला, तरी आत हालचाल नाही. आमची ही पदर तोंडाशी धरून दाराशी आली आणि हातानंच ‘अजून?’ असं विचारून गेली. लेक आतल्या खोलीत पलंगावर आडवी झाली होती, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचं बारीक घोरणं ऐकू येत होतं. साठ मिनिटं झाली. सत्तर झाली. घरात इतकी शांतता होती की पातेल्यातली डाळ शिजल्याचं ऐकू यावं.

पंचाहत्तर झाली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. खोलीत अंधार. गादीवर नुसतं एक गाठोडं दिसत होतं. छाती वरखाली होते की नाही ते पंख्याच्या वाऱ्यानं हलणाऱ्या दुपट्यामुळे कळेना. मी वही खाली ठेवली. बिजागरी न करकरता आत गेलो, गादीशी गुडघे टेकले आणि उपडी बोटं तिच्या नाकाशी धरली.

ऊन, ओलसर वारा बोटांना लागला. मग बोटं जरा जास्तच पुढं गेली असावीत, कारण तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि सबंध डहाणूकरवाडीला ऐकू जाईल असा टाहो फोडला. लेक धडपडत बाहेर आली. ‘‘बाबा! काय केलंत तुम्ही?’’

मी तिला काही सांगितलं नाही. ती बाळाला घेऊन गेल्यावर वही उघडली आणि नोंद केली. एकूण मिनिटं ७९. जागे होण्याचे कारण: आजोबा.